चालू सिस्टीम बंद न पाडता इंट कॉलम बिगइंट करायचा कसा

डेटाबेस पोस्टग्रेस असो की मायएसक्यूएल, साध्या इंट कॉलममध्ये (४ बाइटचा पूर्णांक ठेवणाऱ्या) जास्तीत जास्त २१४७४८३६४७ एवढाच आकडा बसतो, म्हणजे २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७. टेबल बनवताना हा आकडा एवढा मोठा वाटतो की कोणी त्याकडे दुसऱ्यांदा बघतही नाही. पण रोज १० लाख नवीन रो (नोंदी) पडणारं टेबल असेल तर सहा वर्षांच्या आतच तो संपतो, आणि संपतो त्या क्षणी एकही नवीन रो आत जात नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये बेसकॅम्प ३ जवळजवळ पाच तास फक्त वाचण्यापुरतंच चालू होतं, कारण त्यांच्या एका मोठ्या टेबलचा आयडी नेमका या आकड्यावर जाऊन थांबला होता. लक्षात घ्या, रेल्स या वेब फ्रेमवर्कने २०१७ मध्येच ५.१ व्हर्जनपासून नवीन टेबलांची प्रायमरी की (प्रत्येक रो ओळखणारा आयडी) बिगइंट करून टाकली होती, पण फ्रेमवर्कचा डिफॉल्ट बदलला म्हणून आधीचं टेबल आपोआप बदलत नाही, ते तुम्हालाच बदलावं लागतं. जँगो ३.२ किंवा लाराव्हेल ५.८ च्या आधीचे प्रोजेक्ट असतील तर तिथेही हीच गोष्ट.

बिगइंट ८ बाइटचा, त्याची मर्यादा ९२२३३७२०३६८५४७७५८०७. सेकंदाला १० लाख रो टाकल्या तरी २ लाख ९० हजार वर्षं पुरेल, म्हणजे हे काम एकदाच करायचं असतं. आणि ते नीट करायचं असेल तर घाई नसताना करायचं. माझं मत स्पष्ट आहे, मर्यादेच्या निम्म्यावर आलात की कामाला लागा, कारण मोठ्या टेबलवर हे काम काही आठवडे चालतं आणि ९५ टक्क्यांवर पोचल्यावर तेवढे आठवडे तुमच्या हातात नसतात.

पुढचं सगळं मुख्यतः पोस्टग्रेससाठी आहे, मायएसक्यूएलचं वेगळं काय ते शेवटाकडे आहे. कमांड तोंडाने म्हणतो तशा देवनागरीत दिल्यात, टर्मिनलवर अर्थातच इंग्रजीत टाका.

आधी कुठला कॉलम भरत आलाय ते शोधा

काउंट करून रो मोजू नका, त्यातून चुकीचं उत्तर मिळतं. सीक्वेन्सचा (क्रमाने नवे आयडी देणाऱ्या काउंटरचा) नंबर एकदा दिला गेला की परत येत नाही, ट्रान्झॅक्शन रोलबॅक झालं तरी तो वाया गेला, आणि इन्सर्ट ऑन कॉन्फ्लिक्ट वापरत असाल तर जुनी रो सापडून नुसता अपडेट झाला तरी प्रत्येक वेळी एक नंबर खर्च होतो. त्यामुळे टेबलमध्ये ५० कोटी रो आणि आयडी मात्र २०० कोटींच्या घरात, असं अगदी सर्रास दिसतं. बघायचं असेल तर सीक्वेन्सच बघा:

सिलेक्ट सीक्वेन्सनेम, डेटा_टाइप, लास्ट_व्हॅल्यू फ्रॉम पीजी_सीक्वेन्सेस ऑर्डर बाय लास्ट_व्हॅल्यू डिसेंडिंग नल्स लास्ट;

हा व्ह्यू पोस्टग्रेस १० पासून आहे. सीक्वेन्सचा डेटा टाइप बिगइंट दिसला म्हणून निवांत होऊ नका, १० च्या आधी सगळेच सीक्वेन्स बिगइंट असायचे आणि कॉलम मात्र इंट. तेव्हा इन्फर्मेशन_स्कीमा मधल्या कॉलम्समध्ये जाऊन डेटा_टाइप इंटिजर असलेले सगळे कॉलम काढा आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवून बघा.

आता जिथे बहुतेकांचं लक्ष जात नाही ती जागा, फॉरेन की, म्हणजे दुसऱ्या टेबलच्या आयडीकडे बोट दाखवणारा कॉलम. ऑर्डर्स टेबलचा आयडी कोणीतरी पूर्वीच बिगइंट केलेला असतो पण ऑर्डर_आयटम्स मधला ऑर्डर_आयडी अजून इंटच असतो. पोस्टग्रेसला ही जोडी चालते, तो काही तक्रार करत नाही, आणि मग ज्या दिवशी ऑर्डर नंबर २१४ कोटींच्या पुढे जातो त्या दिवशी ऑर्डर बनते पण तिचे आयटम काही केल्या सेव्ह होत नाहीत. शिवाय ऑडिट लॉग, हिस्टरी टेबल, रिपोर्टिंगची टेबलं यांच्यात तर फॉरेन की लावलेलीच नसते, नुसता एक इंट कॉलम असतो, तो कॉलमच्या नावावरूनच शोधावा लागतो.

आयडी सोडून दोन कॉलम जरूर तपासा. एक, पैशांत साठवलेली रक्कम. रुपयाच्या अपूर्णांकाची कटकट नको म्हणून रक्कम पैशांत ठेवणं चांगलंच, पण इंटमध्ये ती २ कोटी १४ लाख ७४ हजार ८३६ रुपयांवर संपते. पुण्या-मुंबईत एखाद्या फ्लॅटचा व्यवहार सहज याच्या वर जातो. दुसरा, सेकंदांत साठवलेला टाइमस्टँप, तो १९ जानेवारी २०३८ ला आपल्या वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटांनी भरतो. ते अजून लांब आहे असं म्हणू नका, आज २० वर्षांच्या कर्जाची शेवटची तारीख त्या कॉलममध्ये टाकून बघा, आजच एरर येईल. आणि मोबाईल नंबर, आधार नंबर, यूपीआयचा व्यवहार क्रमांक हे इंटमध्ये बसत नाहीत म्हणून बिगइंट करायला निघाला असाल तर थांबा, त्यांची बेरीज-वजाबाकी कधी करायची नसते आणि सुरुवातीचा शून्य गेला की नंबरच चुकतो, ते टेक्स्टमध्येच ठेवायचे.

साधा अल्टर कुठे चालतो, कुठे नाही

सगळ्यात सरळ रस्ता एका ओळीचा:

अल्टर टेबल ऑर्डर्स अल्टर कॉलम आयडी टाइप बिगइंट;

टेबल लहान असेल, काही लाख रो असतील, तर रात्री ट्रॅफिक कमी असताना हेच करा आणि मोकळे व्हा, पुढचा सगळा खटाटोप तिथे करण्यात अर्थ नाही. पण मोठ्या टेबलवर ही कमांड काय करते ते समजून घ्या. ४ बाइटचा आकडा ८ बाइटचा होतोय म्हणजे प्रत्येक रो नव्याने लिहावी लागते, तर पोस्टग्रेस अख्खं टेबल नवीन फाइलमध्ये लिहितो, त्यावरचे सगळे इंडेक्स परत बांधतो, आणि हे पूर्ण होईपर्यंत ॲक्सेस एक्सक्लुझिव्ह लॉक धरून बसतो, ज्यात साधा सिलेक्टसुद्धा आत शिरत नाही. डिस्कवर तोपर्यंत जुनं आणि नवं दोन्ही राहतं म्हणून टेबल आणि इंडेक्स मिळून जेवढी जागा जाते जवळजवळ तेवढीच मोकळी लागते, आणि सगळं लिखाण वॉलमधून (डेटाबेसच्या बदलांच्या लॉगमधून) रेप्लिकाकडे, म्हणजे डेटाबेसच्या चालू प्रतींकडे, जातं त्यामुळे रेप्लिकाही मागे पडतात.

किती वेळ लागेल याचा अंदाज बांधत बसू नका, बॅकअपमधून एक कॉपी तशाच मशीनवर रिस्टोअर करा आणि तिथे कमांड चालवून घड्याळ लावा. आलेला वेळ तुमच्या धंद्याला परवडत असेल तर साधा अल्टर, नसेल तर पुढची पद्धत.

आणखी एक गोष्ट, जी छोट्या टेबलवरही नडते. अल्टरला लॉक हवा असतो, त्याच वेळी कोणाचा तरी पाऊण तासाचा रिपोर्ट त्या टेबलवर चालू असेल तर अल्टर रांगेत थांबतो, आणि त्याच्यामागून आलेले सगळे साधे सिलेक्टसुद्धा त्याच्याच मागे रांगेत उभे राहतात. म्हणजे कमांड सुरूही झालेली नसते आणि साइट बंद. म्हणून अशी कुठलीही कमांड देण्याआधी सेट लॉक_टाइमआउट = ३००० करायचं, तीन सेकंदांत लॉक मिळाला नाही तर कमांड स्वतःहून मागे हटते, मग थोड्या वेळाने परत प्रयत्न करायचा.

ॲप आधी तयार करा

डेटाबेसला हात लावण्याआधी हे काम उरकायचं. कॉलम रुंद करणं हा त्यातला सोपा भाग, तो नंबर डेटाबेसमधून निघून कुठे कुठे जातो ते सगळं तपासणं हा अवघड भाग. जावात इंट ऐवजी लाँग, सी शार्पमध्येही लाँग, गो मध्ये इंट३२ असेल तर इंट६४, प्रोटोबफच्या मेसेजमध्ये इंट३२ असेल तर इंट६४, आणि हे झाल्यावर प्रोटोबफच्या जेसनमध्ये तो आकडा स्ट्रिंग म्हणून जायला लागतो, तेही समोरच्या टीमला आधी सांगा.

नोडवाल्यांनी इथे जास्त लक्ष द्या. पोस्टग्रेसचा नेहमीचा नोड ड्रायव्हर इंट कॉलम नंबर म्हणून देतो पण बिगइंट कॉलम स्ट्रिंग म्हणून देतो, कारण जावास्क्रिप्टचा नंबर ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढे अचूक राहत नाही. म्हणजे स्कीमा बदलला त्या क्षणी तुमच्या कोडमध्ये कालपर्यंत ४२ येत होतं तिथे आता "४२" अशी स्ट्रिंग येते, तीन बरोबरची तुलना खोटी ठरते, मॅपमधून शोधलेली रो सापडत नाही, अधिक एक केलं की ४२१ होतं, सॉर्ट केलं की १० हा ९ च्या आधी लागतो. यातल्या एकाही ठिकाणी एरर येत नाही, नुसती चुकीची उत्तरं येतात. सीक्वेन्समधून येणारा आयडी त्या ९००० लाख कोटींपर्यंत कधी पोचणार नाही हे नक्की असेल तर ड्रायव्हरमध्ये टाइप पार्सर लावून तो परत नंबर करून घ्या, हे चालतं. पण काहीतरी एक ठरवा आणि सगळीकडे तेच ठेवा.

पैशांच्या कॉलमचं अजून एक आहे. पोस्टग्रेसमध्ये इंटचा सम बिगइंट येतो, पण बिगइंटचा सम न्यूमरिक येतो. म्हणजे कॉलम बदलला की महिन्याच्या बेरजेच्या रिपोर्टमध्ये जावाला लाँगऐवजी बिगडेसिमल मिळायला लागतो. बदल कॉलमचा आणि फुटला रिपोर्ट, असं होतं ते यामुळे.

२००९ च्या जूनमध्ये ट्विटरच्या ट्वीटचे आयडी २१४ कोटींच्या पुढे गेले तेव्हा ट्विटरचा डेटाबेस व्यवस्थित चालू होता, अडचण आली ती बाहेरच्या ॲप्सना, ज्यांनी तो आयडी ३२ बिटमध्ये धरला होता. तुमचा आयडी एपीआयमधून बाहेर जात असेल, कोणाच्या मोबाईल ॲपमध्ये, पार्टनरच्या सिस्टीममध्ये, एक्सेलच्या शीटमध्ये, तर त्या सगळ्यांची यादी काढा. मोबाईल ॲपचं जुनं व्हर्जन लोक महिनोन्‌महिने अपडेट करत नाहीत, म्हणून ते सगळ्यात आधी सुधारून बाहेर सोडायचं.

आणि या सगळ्याची परीक्षा घ्यायची एक पद्धत आहे जिच्यावर माझा पूर्ण भरवसा आहे. स्टेजिंगवर (चाचणीसाठीच्या प्रतीवर) कॉलम बिगइंट करा आणि सीक्वेन्स सरळ ३०० कोटींवर नेऊन ठेवा, सिलेक्ट सेटव्हॅल(ऑर्डर्स_आयडी_सीक, ३०००००००००), मग नवीन ऑर्डर टाका, बिल काढा, ऑर्डर रद्द करा, रिफंड द्या, रात्रीचे जॉब चालवा, रिपोर्ट उघडा. जिथे जिथे ३२ बिट लपलेला असेल तिथे तिथे तो आता बाहेर येतो. कोड वाचून हे सगळं सापडत नाही, स्टोअर्ड फंक्शनच्या आत कोणीतरी डिक्लेअर केलेला इंटिजर व्हेरिएबल तर कधीच नाही.

नवा कॉलम शेजारी उभा करायचा

पद्धतीची कल्पना सोपी आहे. जुन्या कॉलमला हात न लावता शेजारी बिगइंट कॉलम बनवायचा, नवीन येणारा डेटा दोन्हीत जाऊ द्यायचा, जुना डेटा हळूहळू भरायचा, आणि सगळं भरलं की काही सेकंदांत नावांची अदलाबदल करायची.

पहिली कमांड:

अल्टर टेबल ऑर्डर्स ॲड कॉलम आयडी_नवा बिगइंट;

डिफॉल्ट नाही, नॉट नल नाही, त्यामुळे ही लगेच होते, टेबल कितीही मोठं असो. लगेच बिफोर इन्सर्ट ऑर अपडेट असा ट्रिगर (रो लिहिण्याआधी आपोआप चालणारा कोड) लावा ज्याच्या फंक्शनमध्ये एकच काम आहे, न्यू.आयडी_नवा := न्यू.आयडी, आणि रिटर्न न्यू, झालं. ट्रिगर आधी, जुना डेटा भरणं नंतर, हा क्रम उलटा केलात तर मधल्या वेळात आलेल्या रो रिकाम्या राहतात.

आता जुना डेटा. एकाच अपडेटमध्ये अख्खं टेबल भरायला जाऊ नका, आयडीच्या टप्प्यांनी जा:

अपडेट ऑर्डर्स सेट आयडी_नवा = आयडी व्हेअर आयडी > ० अँड आयडी <= १०००० अँड आयडी_नवा इज नल;

मग कमिट, मग पुढचे दहा हजार. प्रत्येक टप्पा वेगळ्या ट्रान्झॅक्शनमध्ये. स्क्रिप्टने कुठपर्यंत आलो ते एका छोट्या टेबलमध्ये लिहून ठेवायचं म्हणजे मध्येच बंद पडली तर तिथूनच सुरू होईल. दोन टप्प्यांमध्ये थोडा स्लीप ठेवा आणि रेप्लिका किती मागे आहे ते बघून स्क्रिप्टला स्वतःहून थांबू द्या. हिशोब असा करा, १०० कोटी रो आणि सेकंदाला ५००० रो भरल्या जातायत तर २ लाख सेकंद, म्हणजे साधारण ५५ तास, आणि दिवसा वेग कमी ठेवलात तर आठवडा. लागू देत, साइट चालू आहे, कोणाला कळतही नाही.

इथे तीन गोष्टी आहेत ज्या माहीत असल्या की बराच त्रास वाचतो. पोस्टग्रेसमध्ये अपडेट म्हणजे रोची नवीन प्रत, त्यामुळे टेबल फुगतं, जुन्या प्रती साफ करणाऱ्या ऑटोव्हॅक्यूमला या टेबलसाठी जास्त वेळा चालू द्या आणि लांब चाललेली ट्रान्झॅक्शनं या काळात चालू देऊ नका, नाहीतर व्हॅक्यूमला काहीच साफ करता येत नाही. दुसरं, नव्या कॉलमवर इंडेक्स अजिबात आधी बनवू नका, भरणं पूर्ण झाल्यावर बनवा, कारण इंडेक्स नसलेल्या कॉलमचा अपडेट त्याच पानावर जागा असेल तर बाकीच्या इंडेक्सना न शिवता होतो आणि काम कितीतरी हलकं होतं. तिसरं, टेबलवर अपडेटेड_ॲट बदलणारा जुना ट्रिगर आहे का ते बघा. असेल तर तुमच्या भरण्यामुळे पाच वर्षं जुन्या ऑर्डरवर आजची तारीख पडेल, आणि त्या तारखेवर चालणारा सिंक जॉब अख्खं टेबल परत पाठवायला घेईल. त्या ट्रिगरला आधी अट घाला.

सगळं भरलं की इंडेक्स:

क्रिएट युनिक इंडेक्स कॉन्करंटली ऑर्डर्स_आयडी_नवा_इडएक्स ऑन ऑर्डर्स (आयडी_नवा);

कॉन्करंटली विसरू नका आणि ही कमांड बिगिन-कमिटच्या आत चालत नाही, मायग्रेशन टूल आपणहून ट्रान्झॅक्शन लावत असेल तर ते बंद करा. मध्ये फेल झाली तर इनव्हॅलिड इंडेक्स मागे राहतो, तो ड्रॉप करून परत बनवायचा. आयडी आणखी कुठल्या जोड इंडेक्समध्ये असेल, कस्टमर_आयडी आणि आयडी असा, तर त्याचाही जोडीदार आत्ताच बनवा. बिगइंटमुळे इंडेक्स दुप्पट होईल अशी भीती घालणारे भेटतील, तर ६४ बिटच्या मशीनवर एका इंट कॉलमच्या इंडेक्सची नोंद अलाइनमेंटमुळे १६ बाइटच घेते आणि बिगइंटचीही १६ च, त्यामुळे तिथे फरक पडत नाही.

मग नॉट नल. थेट लावलं तर लॉक धरून पूर्ण टेबल तपासत बसेल, म्हणून आधी ॲड कन्स्ट्रेंट चेक (आयडी_नवा इज नॉट नल) नॉट व्हॅलिड, मग सावकाश व्हॅलिडेट कन्स्ट्रेंट, यात वाचणं-लिहिणं चालू राहतं. पोस्टग्रेस १२ पासून असा तपासलेला चेक असेल तर सेट नॉट नल परत टेबल वाचत नाही, लगेच होतं. शेवटी ॲनालाइझ ऑर्डर्स चालवा. नव्या कॉलमची आकडेवारी प्लॅनरकडे (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या भागाकडे) नसेल तर अदलाबदल झाल्या झाल्या क्वेरी भलत्याच प्लॅनने धावतात आणि सगळे बिगइंटला दोष देत बसतात.

ऑर्डर_आयटम्स मधल्या ऑर्डर_आयडीचं काम याच पद्धतीने, आणि ते मुख्य टेबलच्या आधी. मुलाचा कॉलम बिगइंट आणि पालकाचा इंट अशी फॉरेन की चालते, त्यामुळे लहान-मोठी सगळी मुलं निवांत आधी करून घेता येतात.

अदलाबदल

हा भाग एका ट्रान्झॅक्शनमध्ये, आणि स्टेजिंगवर पूर्ण सराव झाल्यावरच:

बिगिन;
सेट लोकल लॉक_टाइमआउट = ३०००;
लॉक टेबल ऑर्डर्स, ऑर्डर_आयटम्स इन ॲक्सेस एक्सक्लुझिव्ह मोड;
ड्रॉप ट्रिगर ऑर्डर्स_आयडी_सिंक ऑन ऑर्डर्स;
अल्टर टेबल ऑर्डर_आयटम्स ड्रॉप कन्स्ट्रेंट ऑर्डर_आयटम्स_एफके;
अल्टर टेबल ऑर्डर्स ड्रॉप कन्स्ट्रेंट ऑर्डर्स_पीकी;
अल्टर टेबल ऑर्डर्स अल्टर कॉलम आयडी ड्रॉप डिफॉल्ट;
अल्टर टेबल ऑर्डर्स अल्टर कॉलम आयडी ड्रॉप नॉट नल;
अल्टर टेबल ऑर्डर्स रिनेम कॉलम आयडी टू आयडी_जुना;
अल्टर टेबल ऑर्डर्स रिनेम कॉलम आयडी_नवा टू आयडी;
अल्टर सीक्वेन्स ऑर्डर्स_आयडी_सीक ॲज बिगइंट;
अल्टर सीक्वेन्स ऑर्डर्स_आयडी_सीक ओन्ड बाय ऑर्डर्स.आयडी;
अल्टर टेबल ऑर्डर्स अल्टर कॉलम आयडी सेट डिफॉल्ट नेक्स्टव्हॅल(ऑर्डर्स_आयडी_सीक);
अल्टर टेबल ऑर्डर्स ॲड कन्स्ट्रेंट ऑर्डर्स_पीकी प्रायमरी की युझिंग इंडेक्स ऑर्डर्स_आयडी_नवा_इडएक्स;
अल्टर टेबल ऑर्डर_आयटम्स ॲड कन्स्ट्रेंट ऑर्डर_आयटम्स_एफके फॉरेन की (ऑर्डर_आयडी) रेफरन्सेस ऑर्डर्स (आयडी) नॉट व्हॅलिड;
कमिट;

प्रत्येक ओळ तिथे का आहे ते बघा. ड्रॉप नॉट नल ही ओळ विसरली जाते, प्रायमरी की काढली तरी जुन्या कॉलमवरचा नॉट नल तसाच राहतो, आणि अदलाबदलीनंतर नवीन इन्सर्ट जुन्या कॉलममध्ये काहीच टाकत नाही, मग पहिलाच इन्सर्ट एरर देतो. ट्रिगरही त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये काढायचा कारण त्याचं फंक्शन नावाने कॉलम शोधतं आणि आयडी_नवा आता नसतो. सीक्वेन्स ॲज बिगइंट केला नाही तर कॉलम ८ बाइटचा होऊनही नंबर देणारा २१४ कोटींवरच अडेल, पोस्टग्रेस १० पासून सिरियलचा सीक्वेन्स इंट असतो म्हणून. सिरियलऐवजी आयडेंटिटी कॉलम असेल तर डिफॉल्टच्या जागी आधी ड्रॉप आयडेंटिटी, मग नव्यावर ॲड जनरेटेड करून रिस्टार्ट विथ ने पुढचा नंबर द्यायचा, आणि सीक्वेन्सच्या तीन ओळी गाळायच्या.

फॉरेन की नॉट व्हॅलिड असली तरी नव्या रो तपासल्याच जातात, जुन्यांसाठी कमिटनंतर सवडीने व्हॅलिडेट कन्स्ट्रेंट चालवा.

यानंतर ॲपचे कनेक्शन पूल नव्याने सुरू करा, नाहीतर जुन्या कनेक्शनवरची प्रिपेअर्ड स्टेटमेंट "कॅश्ड प्लॅन मस्ट नॉट चेंज रिझल्ट टाइप" अशी एरर देत राहतात. आणि व्ह्यू! पोस्टग्रेसचा व्ह्यू कॉलमच्या नावाला नाही तर आतल्या कॉलम क्रमांकाला बांधलेला असतो, म्हणून रिनेमनंतरही तो गुपचूप आयडी_जुनाच दाखवत राहतो आणि नव्या ऑर्डरसाठी तिथे नल येतो. एरर नाही, वॉर्निंग नाही. क्रिएट ऑर रिप्लेस इथे चालत नाही कारण कॉलमचा टाइप बदलतोय, व्ह्यू ड्रॉप करून परत बनवावा लागतो, मटेरियलाइज्ड व्ह्यूसुद्धा. हे शक्यतो वरच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये घाला.

मायएसक्यूएल असेल तर

तिथे टाइप बदलायला टेबलची पूर्ण कॉपी होते आणि तोवर लिहिणं बंद राहतं. मॉडिफाय कमांडमध्ये कॉलमचं पूर्ण वर्णन परत द्यावं लागतं, नॉट नल, ऑटो इन्क्रिमेंट, कमेंट, जे लिहिणार नाही ते उडतं. मोठ्या टेबलसाठी पीटी-ऑनलाइन-स्कीमा-चेंज किंवा घोस्ट हे टूल वापरा, दोन्ही शेजारी नवीन टेबल बनवून शेवटी अदलाबदल करतात, पहिलं ट्रिगर लावून आणि दुसरं बिनलॉग (मायएसक्यूएलचा बदलांचा लॉग) वाचून. फॉरेन की असलेल्या टेबलवर घोस्ट चालत नाही. मायएसक्यूएलला फॉरेन कीच्या दोन्ही बाजूंचा आकार आणि साइन्ड-अनसाइन्ड सारखंच लागतं, तेव्हा की काढा, दोन्ही टेबलं बदला, की परत लावा. इंट(११) मधला ११ हा फक्त दाखवण्याच्या रुंदीचा आहे, इंट(२०) केल्याने एकही जास्तीचा नंबर मिळत नाही. अनसाइन्ड केलंत तर ४२९४९६७२९५ पर्यंत जाता येतं, पण त्यालाही कॉपीच लागते, मग तेवढ्याच कष्टात बिगइंट का नको. आणि ऑटो इन्क्रिमेंट संपल्यावर मायएसक्यूएल "डुप्लिकेट एंट्री २१४७४८३६४७" अशी एरर देतो, ती बघून लोक डुप्लिकेट रो शोधत बसतात, तसं करू नका.

नंबर संपायलाच आलेत आणि वेळ नाही

अशा वेळी ऋण आकडे कामाला येतात. इंटची खालची अर्धी बाजू बहुतेक टेबलांत रिकामीच असते:

अल्टर सीक्वेन्स ऑर्डर्स_आयडी_सीक मिनव्हॅल्यू -२१४७४८३६४८ रिस्टार्ट विथ -२१४७४८३६४८;

लगेच होतं आणि आणखी २१४ कोटी नंबर हातात येतात. पण आयडीवर सॉर्ट करून "नवीन ऑर्डर आधी" दाखवणाऱ्या सगळ्या स्क्रीन चुकतील, यूआरएलमध्ये वजा चिन्ह येईल, आयडी शून्यापेक्षा मोठा आहे ना असं तपासणारा कोड ऑर्डर नाकारेल, आणि भरण्याची स्क्रिप्ट शून्यापासून सुरू होत असेल तर तीही बदलावी लागेल. आजची रात्र निभावण्यापुरतं हे ठीक, सकाळी बिगइंटचं काम सुरू झालंच पाहिजे.

जुना कॉलम कधी काढायचा

निदान एक महिनाअखेर आणि तिचे सगळे रिपोर्ट नीट पार पडू द्या. तोवर मागे फिरायची वाट हवी असेल तर उलटा ट्रिगर लावून आयडी_जुनामध्ये नंबर भरत राहा, फक्त नंबर २१४ कोटींच्या आत असेल तरच भरायचा अशी अट घाला, नाहीतर ज्या एररपासून पळतोय तीच ट्रिगरमधून येईल. मग तो ट्रिगर काढा, जुन्या कॉलमवरचे उरलेले इंडेक्स ड्रॉप इंडेक्स कॉन्करंटलीने काढा, आणि शेवटी लॉक_टाइमआउट लावून अल्टर टेबल ऑर्डर्स ड्रॉप कॉलम आयडी_जुना. ही कमांड क्षणात होते कारण ती फक्त कॅटलॉगमध्ये खूण करते, जागा लगेच मोकळी होत नाही. "या कॉलमवर दुसऱ्या गोष्टी अवलंबून आहेत" अशी एरर आली तर कॅस्केड अजिबात लावू नका, ती एरर बहुधा हेच सांगत असते की एखादा व्ह्यू अजून जुन्याच कॉलमवर बसलाय किंवा सीक्वेन्सचा ओन्ड बाय बदलायचा राहिलाय, आणि दुसऱ्या बाबतीत कॅस्केडने सीक्वेन्स आणि त्याच्यासोबत नव्या आयडीचा डिफॉल्टही जाईल. एररच्या डिटेलमध्ये नाव दिलेलं असतं, ते वाचा, ते सोडवा आणि साध्या ड्रॉपने परत चालवा.